इपॉक्सीचं विमान नांदेडच्या उन्हात मऊ पडेल का? घरी बांधलेल्या विमानाचे भाग भट्टीत का तापवतात, समजून घ्या

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नांदेडमध्ये उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघा. एक सेकंदही ठेववत नाही. हवेचं तापमान 42-43 अंश सेल्सिअस असलं, तरी काळा पत्रा त्याच्या कितीतरी वर गेलेला असतो. गाडीचा पत्रा लोखंडाचा, त्याला काही होत नाही.

आता त्याच जागी एक छोटं विमान उभं आहे असं समजा. त्याचे पंख पत्र्याचे नाहीत. काचेचं कापड आणि इपॉक्सी नावाच्या चिकट द्रवापासून ते कुणीतरी आपल्या शेडमध्ये, हाताने बनवले आहेत. या उन्हात ते पंख तितकेच मजबूत राहतील का?

याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं. ते पंख बनवताना किती तापवले होते? विमानाचे असे भाग बनल्यानंतर भट्टीत का ठेवतात, किती तापवतात आणि त्यात काय चुकू शकतं, हे या लेखात सोप्या भाषेत पाहू.

घरी विमान? खरंच बांधतात का?

हो. अमेरिका आणि युरोपात हजारो लोकांनी स्वतः विमानं बांधून उडवली आहेत. महाराष्ट्रातलं उदाहरण तर अनेकांना आठवत असेल. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्याची नोंदणी केली.

या उदाहरणातून दुसरी गोष्टही कळते. विमान बांधण्याइतकीच वेळखाऊ गोष्ट म्हणजे त्याची परवानगी. आपल्या देशात डीजीसीएच्या नोंदणीशिवाय आणि उड्डाण परवान्याशिवाय स्वतः बांधलेलं विमान उडवता येत नाही.

घरगुती विमान लाकूड, स्टीलच्या नळ्या, अॅल्युमिनियम किंवा कॉम्पोझिट यांपैकी कशाचंही असू शकतं. हा लेख कॉम्पोझिटबद्दल आहे.

कॉम्पोझिट म्हणजे नेमकं काय?

दोन वेगळे पदार्थ एकत्र करून तयार केलेला तिसरा, जास्त उपयोगी पदार्थ. मातीच्या भिंतीत भुसा किंवा गवत मिसळतात, तीच कल्पना.

विमानात काचेचे किंवा कार्बनचे धागे ताण सहन करतात. इपॉक्सी या धाग्यांना जागेवर धरून ठेवतं आणि एका धाग्याचा भार दुसऱ्याकडे पोहोचवतं. धागे दोरीसारखे असतात, ओढले तर मजबूत, पण दाबले तर वाकणारे. दाब आला की त्यांना सरळ उभं ठेवण्याचं काम इपॉक्सीचं. म्हणून इपॉक्सी मऊ पडलं तर धागे शाबूत असूनही पंख कमकुवत होतो. उडताना पंख वर वाकतो, तेव्हा त्याची वरची बाजू दाबली जाते. ऊनही नेमकं वरच्याच बाजूला लागतं.

कॉम्पोझिट तुमच्या आसपासही आहे. बीड आणि धाराशिवच्या माळावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती काचतंतू आणि रेझिनचीच असतात. शेतात फवारणी करणाऱ्या अनेक ड्रोनच्या सांगाड्यात कार्बन फायबरच्या नळ्या असतात.

घरगुती विमानांमध्ये हे तंत्र लोकप्रिय केलं ते अमेरिकन अभियंता बर्ट रुटान यांनी. त्यांचं ‘व्हॅरी-ईझी’ 1975 मध्ये आणि ‘लाँग-ईझी’ 1979 मध्ये उडालं. त्यांची पद्धत सोपी होती. थर्मोकोलच्या जातीचा फोम तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचं कापड पसरायचं आणि इपॉक्सीने भिजवायचं. महागडा साचा लागत नाही. रुटान यांनीच आराखडा केलेलं ‘व्हॉयेजर’ हे कार्बन फायबरचं विमान डिसेंबर 1986 मध्ये कुठेही न थांबता, हवेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीची प्रदक्षिणा करून आलं.

इपॉक्सी वाळत नाही, जुळतं

रंग वाळतो म्हणजे त्यातला द्रव उडून जातो. इपॉक्सीचं तसं नसतं. रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि हळूहळू एक मोठं जाळं तयार होतं. या प्रक्रियेला ‘क्युअरिंग’ म्हणतात.

प्रमाण चुकलं तर काही रेणूंना जोडीदारच मिळत नाही. म्हणून कारागीर अंदाजाने ओतत नाहीत, काट्यावर वजन करून मिसळतात. ‘लवकर घट्ट व्हावं म्हणून थोडं जास्त हार्डनर’ हा उपाय इपॉक्सीत चालत नाही, उलट माल कमजोर होतो.

खोलीच्या तापमानाला एका दिवसात इपॉक्सी कडक होतं. नख रुतत नाही, कापता येतं, घासता येतं. बघणाऱ्याला वाटतं, काम झालं. पण आत जाळं पूर्ण जुळलेलं नसतं. कारण जाळं जसं घट्ट होतं, तशी उरलेल्या रेणूंना हलायला जागा राहत नाही. जोडीदार जवळ असूनही पोहोचता येत नाही. प्रक्रिया जवळजवळ थांबते.

कच्च्या विटेची आठवण ठेवा. उन्हात वाळलेली कच्ची वीट हाताला कडकच लागते, पण पाऊस आला की तिचा चिखल होतो. भट्टीत भाजलेली वीट मात्र पावसात टिकते. इपॉक्सीसाठी ‘पाऊस’ म्हणजे उष्णता.

मऊ पडण्याचं तापमान: सगळा खेळ या आकड्याचा

क्युअर झालेलं इपॉक्सी मेणासारखं वितळत नाही. पण एका ठरावीक तापमानाच्या आसपास ते कडकपणा सोडून चिवट, रबरासारखं होऊ लागतं. या तापमानाला अभियंते ‘टीजी’ म्हणतात. आपण त्याला मऊ पडण्याचं तापमान म्हणू.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे तापमान डब्यावर छापून येत नाही, ते तुम्ही इपॉक्सी किती तापवलं यावर ठरतं. 30 अंशांच्या खोलीत जुळलेलं इपॉक्सी साधारण 50 ते 60 अंशांपर्यंतच भरवशाचं असतं. तेच नंतर भट्टीत नीट तापवलं, तर रेणूंना पुन्हा हालचाल करता येते, राहिलेल्या जोड्या जुळतात आणि मर्यादा वर सरकते.

ग्लायडर आणि घरगुती विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एमजीएस एल-285’ या प्रसिद्ध इपॉक्सीच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट दिसतं. तापवलं नाही तर वापराची वरची मर्यादा 50-60 अंश, तापवलं तर 80-100 अंश. डबा तोच, कारागीर तोच, फरक फक्त भट्टीचा.

घट्ट झालेला भाग असा नंतर तापवण्याला ‘पोस्ट-क्युअर’ म्हणतात.

नांदेड-लातूरच्या उन्हात प्रश्न गंभीर का होतो?

गोदावरीकाठचं नांदेड एप्रिल-मे मध्ये 42-43 अंशांवर सहज जातं. लातूर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. तिथे पारा थोडा कमी असतो, पण 40 चा आकडा तिथेही नवा नाही. दोन्ही शहरांत विमानतळ आहेत. हँगर नसेल तर छोटं विमान धावपट्टीजवळच्या डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणात उभं राहतं. वरून ऊन, खालून तापलेली जमीन.

अशा वेळी पंखाचं तापमान रंगावर ठरतं. पांढरा रंग बराचसा प्रकाश परत पाठवतो. काळा किंवा गडद रंग तो शोषून घेतो आणि कडक उन्हात 80 अंशही ओलांडू शकतो.

युरोपातल्या अतिहलक्या विमानांच्या नियमावलीत यासाठी एक ठरलेला आकडा आहे. पांढऱ्या रंगाच्या आणि डोक्यावर ऊन असलेल्या भागाची ताकद 54 अंशांवर तपासावी. ते शक्य नसेल, तर ताकदीत 1.25 पट जादा सुरक्षा ठेवावी. दुसरा रंग असेल तर आणखी वरचं तापमान धरावं.

आता हिशेब जुळवा. खोलीच्या तापमानाला जुळलेलं इपॉक्सी 50-60 पर्यंत. पांढरा पंख उन्हात 54 च्या आसपास. मध्ये जवळजवळ काहीच अंतर नाही. त्यात पावसाळ्यात इपॉक्सी थोडा ओलावा शोषतं आणि ओलाव्याने मऊ पडण्याचं तापमान आणखी खाली येतं. म्हणून पोस्ट-क्युअर ही हौस नाही, गरज आहे.

कॉम्पोझिटची बहुतेक छोटी विमानं आणि ग्लायडर पांढरीच का दिसतात, याचं उत्तरही इथेच आहे. डायमंड कंपनीच्या डीए-20 या कॉम्पोझिट प्रशिक्षण विमानात तर पंखांना जोडणाऱ्या मुख्य तुळईजवळ तापमान दाखवणारा निर्देशक असतो. ते तापमान 55 अंशांच्या वर असेल तर उड्डाण करायचं नाही. त्याच कंपनीची डीए-40 विमानं आपल्या गोंदियात, बिरसी विमानतळावरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत वापरली जातात. तीही बहुतांश पांढरी.

पोस्ट-क्युअर कसं करतात?

प्रत्येक इपॉक्सीचं वेळापत्रक वेगळं असतं आणि कंपनीचं माहितीपत्रक हाच अंतिम शब्द. सर्वसाधारण क्रम असा:

1. आधी खोलीत घट्ट होऊ द्यायचं. किमान एक दिवस. ओला भाग थेट भट्टीत टाकला तर इपॉक्सी पातळ होऊन वाहतं आणि कापड कोरडं राहतं.

2. आधार द्यायचा. भाग साच्यातच ठेवायचा किंवा आकाराच्या चौकटीवर सर्व बाजूंनी टेकवायचा. तापताना इपॉक्सी काही काळ मऊ होतं. तेव्हा पंख झोल खाऊन वाकला, तर पुढे तो त्याच वाकड्या आकारात कायमचा कडक होतो.

3. हळू तापवायचं. तासाला साधारण 10 अंश किंवा त्याहून कमी. तापमान वाढतं तसं जुळणंही पुढे सरकतं आणि मऊ पडण्याची मर्यादा तापमानाच्या सोबत वर जाते. घाई केली तर तापमान पुढे जातं आणि इपॉक्सी मागे राहतं.

4. ठरलेल्या तापमानावर थांबायचं. घरगुती इपॉक्सींसाठी हे बहुधा 50 ते 80 अंशांच्या दरम्यान असतं आणि थांबण्याचा काळ बरेचदा 10 ते 15 तास.

5. हळू थंड करायचं. भट्टीचं दार उघडून पंखा लावायचा नाही. एक बाजू लवकर थंड झाली तर भाग पिळला जातो.

एक मोठी मर्यादा आतल्या फोमची. रुटान पद्धतीच्या पंखात वापरला जाणारा पॉलिस्टायरिन फोम 75 अंशांच्या आसपास बसू लागतो. म्हणजे ‘जास्त तापवलं तर जास्त मजबूत’ हे गणित इथे चालत नाही. इपॉक्सी सुधारेल, पण आतला फोम आकसेल आणि पंखाचा आकार बिघडेल.

घरची भट्टी कशी असते?

स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये पंख मावत नाही. म्हणून लोक लाकडी चौकटीला उष्णतारोधक पत्रे लावून लांबट पेटी बनवतात. आत इलेक्ट्रिक हीटर, हवा फिरवणारा पंखा आणि तापमान नियंत्रक बसवतात. पेटी साधी असली तरी चार गोष्टींत तडजोड करत नाहीत.

- तापमान भागाचं मोजायचं, हवेचं नाही. हवा 60 अंशांवर लवकर पोहोचते, जाड तुळई तासाभराने. म्हणून सेन्सर भागाला चिकटवतात, आणि तेही तीन-चार ठिकाणी.
- हवा फिरती ठेवायची. नाहीतर वर 75 आणि तळाशी 50 अशी स्थिती होते.
- उघडी ज्योत नको. गॅसची शेगडी, कोळसा किंवा स्टोव्ह अजिबात नको. शेडमध्ये अॅसिटोनसारखे झटकन पेट घेणारे द्रव असतात. हीटर भागापासून लांब ठेवतात आणि नियंत्रक बिघडला तर वीज तोडणारी वेगळी सोय करतात.
- नोंद ठेवायची. किती वाजता किती तापमान होतं, हे कागदावर हवं. तपासणी करणाऱ्याला पंखाच्या आतलं दिसत नाही, त्याला नोंदच दिसते.

मध्येच वीज गेली तर? घाबरायचं कारण नसतं. पेटी बंद ठेवायची. वीज आली की पुन्हा हळू तापवायचं आणि ठरलेले तास पूर्ण करायचे. मधला थंड काळ हिशेबात धरायचा नाही.

मग नांदेडचं ऊनच वापरलं तर?

हा प्रश्न मराठवाड्यात सुचणारच. काळ्या प्लास्टिकच्या बंद तंबूत मे महिन्याचं ऊन 60-70 अंश देऊ शकतं. परदेशात काही जण असं करतातही. किरकोळ झाकणं, आवरणं अशा भागांसाठी ते चालून जातं.

पण ज्या भागावर जीव अवलंबून आहे, त्या तुळईसाठी किंवा पंखासाठी ते पुरेसं नाही. कारणं तीन. कडक ऊन पाच-सहा तास मिळतं, गरज 10-15 तासांची असते. ऊन वरच्या बाजूने लागतं, त्यामुळे वरची आणि खालची बाजू वेगवेगळी तापते. आणि ढग आला किंवा वारा सुटला की तापमान घसरतं, त्यावर कुणाचाच ताबा नसतो.

‘विमान उन्हात उभं राहील, तेव्हा आपोआप पोस्ट-क्युअर होईल’ हा समज तर जास्तच धोक्याचा. तोपर्यंत पंख स्वतःच्या वजनाने लोंबकळत असतो. मऊ पडलेलं इपॉक्सी अशा सततच्या भाराखाली हळूहळू सरकतं आणि आकार बदलतो.

तीन ऋतू, तीन अडचणी

रासायनिक प्रक्रियेचा ढोबळ नियम असा: तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. मराठवाड्यात याचा अर्थ असा:

उन्हाळा: 25 अंशांवर 40 मिनिटं हाताळता येणारं मिश्रण 35 अंशांवर 20 मिनिटांत दाटू लागतं. मगात जास्त इपॉक्सी कालवून ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने उकळून धूर काढू शकतं. उपाय म्हणजे पहाटे काम करणं, थोडं थोडं कालवणं आणि पसरट भांडं वापरणं.

पावसाळा: दमट हवेत हार्डनर ओलाव्याशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट थर आणतो. त्यावर पुढचा थर नीट चिकटत नाही. तो पाण्याने धुऊन, पुसून, घासूनच पुढे जावं लागतं.

हिवाळा: डिसेंबरच्या रात्री पारा 10-12 अंशांवर उतरला की इपॉक्सी दाट होतं, कापड नीट भिजत नाही आणि जुळणं रेंगाळतं. तेव्हा शेड उबदार ठेवावी लागते.

मोठे कारखाने काय करतात?

तिथे कापड आधीच इपॉक्सीत भिजवलेलं येतं. त्याला ‘प्रीप्रेग’ म्हणतात आणि ते उणे 18 अंशांच्या शीतपेटीत साठवतात. साच्यात थर रचून ते 120 किंवा 180 अंशांवर, बरेचदा ऑटोक्लेव्हमध्ये तापवतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे उष्णता आणि दाब एकाच वेळी देणारी अवाढव्य टाकी, प्रेशर कुकरची मोठी बहीणच. दाबामुळे थरांमधली हवा निघून जाते.

महाराष्ट्राचा याच्याशी जवळचा संबंध आहे. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग 787 या विमानासाठी कॉम्पोझिटच्या तुळया बनल्या. नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये तेजस लढाऊ विमानांची जोडणी होते. तेजसच्या सांगाड्याचा वजनाने सुमारे 45 टक्के भाग कॉम्पोझिटचा आहे. बेंगळुरूच्या एनएएलने बनवलेलं ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान तर पूर्ण कॉम्पोझिटचं, आणि ते 1993 मध्येच उडालं.

कारखाना असो वा घरची शेड, तत्त्व एकच. विमान जेवढं तापणार आहे, त्यापेक्षा त्याचा भाग भट्टीत जास्त जुळून यायला हवा.

झालं की नाही, हे कसं ओळखायचं?

बघून किंवा टिचकी मारून कळत नाही. म्हणून पंख बनवताना त्याच इपॉक्सीची, त्याच कापडाची एक छोटी पट्टी बनवतात आणि ती पंखासोबतच भट्टीत ठेवतात. नंतर ती पट्टी प्रयोगशाळेत तापवून मऊ पडण्याचं तापमान मोजता येतं. पट्टी नापास झाली तर पंखही नापास. जमिनीवर पट्टी तुटलेली परवडते.

स्वतःची काळजीही घ्यावी लागते. हार्डनरमुळे त्वचेची ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती बहुधा आयुष्यभर राहते. हातमोजे, घासताना मास्क आणि भट्टीजवळ मोकळी हवा हवीच.

थोडक्यात

- इपॉक्सी वाळत नाही, जुळतं. खोलीच्या तापमानाला ते पूर्ण जुळत नाही.
- न तापवलेलं इपॉक्सी साधारण 50-60 अंशांपर्यंत, नीट तापवलेलं 80 किंवा त्यापुढे टिकतं.
- पांढऱ्या पंखासाठीही 54 अंश धरतात. गडद रंग असेल तर धोका वाढतो.
- हळू तापवा, आधार द्या, भागाचं तापमान मोजा, हळू थंड करा, नोंद ठेवा.
- फोमची मर्यादा विसरू नका.
- ऊन ही भट्टी नाही. ऊन ही परीक्षा आहे, आणि तिची तयारी आधी भट्टीत करावी लागते.

पुढच्या वेळी विमानतळावर एखादं छोटं पांढरंशुभ्र विमान दिसलं, तर तो रंग केवळ शोभेचा नाही, हे सोबतच्या माणसाला नक्की सांगा.